महारोहिणी फाटते तेव्हा

या अंकासाठी "शास्त्रीय, पण सर्वांना समजेल असे काहीतरी लिहा," असा संपादकांचा आग्रह होता. मी प्राणिशास्त्र शिकवतो, तेव्हा बेडूक, गांडूळ किंवा आपल्या परिसरातील पक्षी यांपैकी एखादा विषय घेणे सोपे होते. परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी अचानक आतून फाटली, तर जांघेतून एक कापडी नळी आत सरकवून ती फाट बुजवता येते. ही तातडीची चिकित्सा आता आपल्या देशातही होते. तिचे परिणाम कसे असतात? किती माणसे वाचतात, आणि वाचलेल्यांचे पुढे काय होते? डॉक्टर जेव्हा "शंभरात इतके" असे म्हणतात, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा? हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच संख्याशास्त्राचाही आहे, म्हणून कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांनीही पान उलटू नये, अशी विनंती आहे.

प्रथम शब्दाविषयी. या वाहिनीला मराठीत महारोहिणी म्हणतात, हिंदीत महाधमनी, आणि आपल्या कन्नड विभागातील मित्र सांगतात त्याप्रमाणे कन्नडमध्ये महापधमनी. डॉक्टर मंडळी मात्र तिन्ही प्रांतांत "एओर्टा"च म्हणतात. फाटण्याच्या क्रियेला त्यांचा शब्द "डिसेक्शन". शवविच्छेदनालाही तोच शब्द असल्याने विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. मी येथे "विदलन" हा शब्द वापरणार आहे. डाळीची दोन दले वेगळी होतात, तसेच येथे घडते.

महारोहिणी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून वर निघते, काठीच्या मुठीसारखी वळते, आणि पाठीच्या कण्याला लागून छातीतून पोटात उतरते. वळणावर तिला मेंदूकडे आणि दोन्ही हातांकडे जाणाऱ्या शाखा फुटतात. खाली कण्यातील मज्जारज्जूला, आतड्यांना, मूत्रपिंडांना रक्त देत देत ती बेंबीच्या पातळीवर दुभंगते आणि पायांकडे जाते. आरंभी तिचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटर, खाली पोटात सुमारे २. भिंतीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. या भिंतीवर दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा रक्ताचा धक्का बसतो.

या भिंतीची रचना समजावून देताना मी वर्गात केळीच्या बुंध्याचे उदाहरण देतो. मी मूळचा इच्छापूरचा. मध्यप्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील हे गाव महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर, इच्छादेवीच्या टेकडीपाशी आहे आणि भोवताली केळीच केळी. केळीचा बुंधा म्हणजे खरे खोड नव्हे. एकावर एक घट्ट बसलेली ती सोपटे असतात. वरून पाहिले तर अखंड खांब, पण एका सोपटाची कड नखाने उचलली की ते वरपासून खालपर्यंत सरसर सुटत जाते. महारोहिणीची भिंतही अशीच तीन थरांची आहे. आतला थर अत्यंत पातळ आणि गुळगुळीत, मधला स्नायूंचा व लवचिक तंतूंचा, बाहेरचा चिवट. वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने मधला थर जीर्ण झाला आणि एखाद्या क्षणी आतल्या थराला चीर पडली, की रक्त त्या चिरेतून दोन थरांच्या मध्ये शिरते. पुढचे काम प्रत्येक ठोका करतो. सोपट सुटावे तसे थर सुटत जातात आणि काही मिनिटांत छातीपासून जांघेपर्यंत एका नळीच्या दोन नळ्या होतात. एक खरी आणि एक खोटी.

खोटी नळी दोन प्रकारे जीव घेते. तिची बाहेरची भिंत आता पूर्वीच्या भिंतीचा एक पदरच असते. ती फुटली तर रक्त छातीत किंवा हृदयाच्या पिशवीत सांडते. किंवा ती फुगून खऱ्या नळीला दाबते, आणि मग आतडी, मूत्रपिंडे, पाय, कधी मज्जारज्जू यांचा रक्तपुरवठा तुटतो. रक्त शरीरातच असते, पण पोहोचत नाही. उसाच्या मळ्यात पाट मध्येच फुटावा आणि खालचे वाफे कोरडे राहावेत, तसे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे फाट कोठे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी १९७० साली याचे सुटसुटीत वर्गीकरण केले, आणि ते आजही चालते. हृदयाजवळचा चढता भाग फाटलेला असेल तर "अ" प्रकार, तो भाग सुटून फक्त डाव्या हाताच्या शाखेपलीकडचा उतरता भाग फाटलेला असेल तर "ब" प्रकार. ही केवळ नावे नव्हेत, येथे उपचारांच्या दोन वेगळ्या वाटा फुटतात. "अ" प्रकारात पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातील एक-दोन माणसे दगावतात, असा जुना हिशेब आहे. तेथे छाती उघडून फाटलेला भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. कापडी नळी जांघेतून सरकवण्याची जी पद्धत आपण पाहणार आहोत, ती मुख्यतः "ब" प्रकारासाठी आहे. वर्तमानपत्रांतून दोन्ही प्रकारांची सरमिसळ होते, आणि वाचणारा एकतर फाजील आशेवर राहतो किंवा नाहक घाबरतो.

रोग नवा नाही. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी शौचकूपात अचानक कोसळून मेला. राजवैद्य निकोल्स यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने भरलेली आणि महारोहिणीच्या आतल्या बाजूला आडवी चीर आढळली. (त्याच वर्षाच्या आरंभी उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले होते, आणि राजाच्या मृत्यूनंतर जेमतेम पावणेतीन महिन्यांत पानिपत झाले. इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे अवांतर गोड मानून घ्यावे.) निकोल्स यांनी जे लिहून ठेवले ते आजही अचूक वाटते, करण्यासारखे मात्र त्यांच्या हाती काहीच नव्हते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे वैद्यांची स्थिती तीच राहिली.

त्या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९५० च्या दशकात फाटलेल्या किंवा फुगलेल्या महारोहिणीचा तुकडा काढून तेथे काय बसवावे, या विवंचनेत ते होते. नायलॉनचे कापड आणायला ते दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने "डेक्रॉन" या नव्या पॉलिएस्टरचा तागा पुढे केला, अशी हकीकत ते स्वतः सांगत. घरच्या शिलाई यंत्रावर त्यांनी त्याच्या नळ्या शिवल्या. बुऱ्हाणपूर हे मुघलांच्या काळापासून कापडाचे गाव, आजही तेथे यंत्रमागांची खडखड चालू असते. त्यामुळे महारोहिणीला ठिगळ लावण्यासाठी शेवटी विणलेले कापडच उपयोगी पडले, ही गोष्ट मला फार आवडते. शरीर त्या कापडाला नाकारत नाही. आतून त्यावर एक पातळ अस्तर चढते आणि कापड वर्षानुवर्षे टिकते.

डिबेकी यांच्या नशिबाचा खेळ पाहा. ३१ डिसेंबर २००५ रोजी, ९७ वर्षांचे असताना, त्यांना स्वतःलाच हा विकार झाला. छातीतून मानेकडे कळ गेली आणि त्यांनी आपले निदान आपणच केले. शस्त्रक्रियेला ते राजी नव्हते. फेब्रुवारी २००६ मध्ये ते बेशुद्ध झाल्यावर, बऱ्याच वादानंतर, त्यांच्याच पद्धतीने त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते बरे झाले आणि जुलै २००८ पर्यंत, वयाची शंभरी दोन महिन्यांवर येईपर्यंत जगले. त्यांचे विदलन चढत्या भागाचे होते, त्यामुळे त्यांना जांघेतून नळी घालण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता.

उतरत्या भागाच्या विदलनात शस्त्रक्रिया मात्र फारशी यशस्वी ठरेना. डावी छाती उघडायची, महारोहिणीला चिमटा लावून खालचा रक्तप्रवाह थांबवायचा, ओल्या कागदासारख्या भिंतीत टाके घालायचे. त्यात कित्येक रुग्ण दगावत, कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडत. १९६५ मध्ये मायरन व्हीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. भिंत फाडतो तो केवळ दाब नव्हे, प्रत्येक ठोक्याचा झटका. औषधांनी दाब उतरवा, ठोके सावकाश करा, झटका बोथट करा, आणि फाट जिथल्या तिथे थांबण्याची वाट पाहा. आजही "ब" प्रकारच्या प्रत्येक रुग्णाला प्रथम हेच उपचार मिळतात. नाडी मिनिटाला साठाच्या खाली आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान, हे उद्दिष्ट असते. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. ठोके आवरणारे औषध आधी द्यावे लागते आणि वाहिन्या सैल करणारे नंतर. उलट केले तर हृदय अधिक जोराने धावू लागते.

ज्यांची वाहिनी फुटू लागली आहे किंवा ज्यांचे अवयव उपाशी मरत आहेत, त्यांना वाट पाहणे परवडत नाही. उतरत्या भागाच्या विदलनात असे रुग्ण चौघांत एक तरी असतात. आपला विषय खऱ्या अर्थाने त्यांचाच आहे.

१९८७ साली, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील खार्किव्ह येथे, निकोलाय वोलोदोस यांनी छातीतील महारोहिणीच्या एका इजेवर आतून कापडी नळी बसवली. भाषेच्या आणि राजकारणाच्या भिंतीमुळे ही गोष्ट जगाला उशिरा कळली. १९९० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे ह्वान परोदी यांनी पोटातील महारोहिणीच्या फुगवट्यावर तोच उपाय केला आणि तो गाजला. पुढे स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांनी छातीतील फुगवट्यांसाठी अशा नळ्या वापरल्या. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात विदलनावरील दोन निबंध शेजारी शेजारी आले. एक डेक यांचा, दुसरा जर्मनीच्या क्रिस्टोफ नीनाबर यांचा. तेथून या चिकित्सेचा खरा आरंभ धरतात.

नळीची रचना साधी आहे. पॉलिएस्टरच्या किंवा टेफ्लॉनच्या जातीच्या पातळ कापडाची १०-२० सेंटिमीटर लांबीची बाही, आणि तिला आधार देणारी नागमोडी तारेची कडी. ही तार बहुधा "निटिनॉल"ची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. तिला आपला आकार आठवतो. थंड असताना मुडपून बारीक करता येते, शरीराच्या उष्णतेत ती पुन्हा मूळ घेर घेते. मुडपलेली नळी सात-आठ मिलिमीटर जाडीच्या वेष्टनात भरतात, जांघेतील रोहिणीतून एका तारेवरून वर सरकवतात, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डाव्या हाताच्या शाखेपाशी नेऊन वेष्टन मागे ओढतात. नळी छत्रीसारखी उघडते आणि आतल्या चिरेवर दाबून बसते. चीर झाकली की खोट्या नळीत रक्त शिरायचे थांबते, तेथील रक्त गोठते, खरी नळी पुन्हा फुलते, आणि खालच्या अवयवांना रक्त मिळू लागते. सर्व सुरळीत झाले तर एक-दोन तासांचे काम. तारेवर खऱ्याऐवजी खोट्या नळीत शिरलो तर मात्र सारेच उलटे होते, म्हणून नळी उघडण्यापूर्वी आपण कोठे आहोत याची खात्री करून घेण्यातच पुष्कळ वेळ जातो.

हे सारे पुस्तकात वाचणे निराळे. डिसेंबर २०१८ मध्ये इच्छापूरच्या माझ्या काकांना पहाटे मळ्यात पंप चालू करताना दोन्ही खांद्यांच्या मधोमध कळ आली. वय ५८, रक्तदाबाच्या गोळ्या "बरे वाटते" म्हणून वर्षभर बंद. काकूंना ते म्हणाले, "आतून कोणी धोतर टरकन फाडावं तसं झालं." अशी अचानक आणि आरंभालाच पराकोटीची वेदना हे या विकाराचे मुख्य लक्षण. हृदयविकाराची कळ बहुधा चढत जाते, ही पहिल्या क्षणीच शिखरावर असते. गावात पित्त समजून सोडा पाजला गेला. मग बुऱ्हाणपूरला नेले. तेथे हृदयाचा आलेख जवळजवळ निर्दोष निघाला आणि रक्तदाब २२० वर. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही जांघांतील नाडी चाचपून पाहिली. उजवीकडे ती लागेना, आणि पाय गार होता. एवढ्यावरून त्यांनी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हातात घेतले नाही. हृदयविकार समजून ते दिले असते, तर फाटलेल्या वाहिनीत त्याने काय केले असते हे वाचकांच्या ध्यानात येईलच. रक्तदाब उतरवणारे सलाइन लावून त्यांनी काकांना इंदूरला धाडले.

इच्छापूर ते इंदूर सुमारे दोनशे किलोमीटर. असीरगड मागे टाकायचा, खंडवा, सनावद करीत मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची, मग बडवाहच्या पुढे घाट. ट्रकांच्या रांगेत रुग्णवाहिकेला पाच तास लागले. सी. टी. स्कॅनमध्ये डाव्या हाताच्या शाखेच्या पुढे चीर आणि तेथून उजव्या जांघेपर्यंत विदलन दिसले. उजवे मूत्रपिंडही अर्धवट उपाशी होते. रात्री साडेनऊला चुलतभावाचा मला फोन आला, "दादा, डॉक्टर म्हणतात शंभरात दहा-बारा जातात, दोन-तिघांचे पाय जातात. सही करू का?" मी विचारले, "न केल्यास काय म्हणतात?" तो म्हणाला, "न केल्यास पाय नक्की जाईल, बाकीचं सांगता येत नाही." सही झाली. मध्यरात्रीनंतर नळी बसली, आणि टेबलावरच उजव्या पायाची नाडी परत आली.

शंभरात दहा-बारा हा आकडा कोठून येतो, हे मी नंतर शोधले. महारोहिणीच्या विदलनाची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ पासून ठेवली जाते. तिच्यातील पहिल्या ४६४ रुग्णांचा अहवाल २००० साली आला. "अ" प्रकारात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णालयातच दगावले होते, केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५८ टक्के. "ब" प्रकारात चित्र उलटे. औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू सुमारे ११ टक्के, शस्त्रक्रिया झालेल्यांत ३१. आता एखादा विद्यार्थी म्हणेल, मग "ब" प्रकारात शस्त्रक्रिया घातकच. तसे नाही. शस्त्रक्रिया ज्यांच्यावर केली ते आधीच मरणाच्या दारात होते; औषधांवर राहिलेले मुळातच बऱ्या स्थितीत होते. दोन गट सारखे नसताना त्यांच्या टक्केवारीची तुलना करणे ही संख्याशास्त्रातील जुनी गफलत आहे.

त्याच नोंदवहीचा २००८ मधील अहवाल आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. तीव्र "ब" विदलनात छाती उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३३.९ टक्के रुग्णालयात मरण पावले, जांघेतून नळी बसवलेल्यांपैकी १०.६ टक्के. मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे ४० आणि २० टक्के. हे दोन्ही गट गंभीर रुग्णांचे होते, त्यामुळे तुलनेला काही अर्थ आहे; चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी मात्र ही नव्हे. डॉक्टरांनी काकांविषयी सांगितलेला आकडा हा असाच. डेक यांच्या १९९९ च्या निबंधात १९ रुग्णांपैकी तिघे महिन्याभरात गेले होते, १५ जणांत छातीतील खोटी नळी पूर्णपणे गोठून बंद झाली होती. नीनाबर यांच्या १२ रुग्णांपैकी एकही दगावला नाही. पण ते रुग्ण ठरवून, सवडीने घेतलेले होते, आणीबाणीतले नव्हते. दोन निबंध शेजारी छापलेले असल्याने हा फरक पुष्कळदा डोळ्यांआड होतो.

उशिरा की लवकर, या प्रश्नावर एक छोटा युरोपीय अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात शंभर रुग्ण होते. पहिल्या दोन आठवड्यांत नळी बसवलेल्यांपैकी तीन वर्षांत १८ टक्के गेले, दोन आठवड्यांनंतर पण तीन महिन्यांच्या आत बसवलेल्यांपैकी ४ टक्के, आणि जुनाट झालेल्यांपैकी २४ टक्के. मधल्या गटात रुग्ण अवघे २४ होते, तेव्हा ४ टक्के म्हणजे एक माणूस. परंतु कल समजण्यासारखा आहे. अगदी आरंभी भिंत सुजलेली आणि ठिसूळ असते, नळीच्या तारेनेही नवी चीर पडू शकते. फार उशीर झाला की मधला पडदा चामड्यासारखा घट्ट होतो आणि नळी उघडूनही वाहिनी पूर्ववत होत नाही. ज्यांना थांबता येते त्यांनी दोन आठवडे थांबावे, असा प्रघात त्यातून पडू लागला. पाय गार पडलेल्या माणसाला ही निवड नसते.

धोक्यांची माहितीही द्यायला हवी. सर्वांत भयंकर म्हणजे विदलन मागे, हृदयाच्या दिशेने सरकणे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय नोंदीत ते शंभरात एक-दीड जणांना झाले होते, पण झालेल्यांपैकी ४२ टक्के त्यातच गेले. दुसरा धोका मज्जारज्जूचा. नळीने झाकलेल्या भागातून कण्याकडे जाणाऱ्या बारीक शाखा बंद होतात आणि काही जणांचे दोन्ही पाय लुळे पडतात. म्हणून रक्तदाब आता मुद्दाम थोडा वर ठेवतात, कधी पाठीतून मज्जाद्रव काढून दाब कमी करतात. गंमत अशी की पहिले काही तास जो रक्तदाब उतरवण्यासाठी धडपड चाललेली असते, तोच नळी बसल्यावर चढवावा लागतो. पक्षाघात काही थोड्यांना होतो. डाव्या हाताची शाखा झाकावी लागली तर तिला मानेतून वेगळी वाट करून द्यावी लागते. मार्फान नावाच्या आनुवंशिक विकारात भिंतच मुळात दुबळी असल्याने अशी नळी शक्यतो टाळतात.

वाचलेल्या माणसाचा हिशेबही रुग्णालयातून बाहेर पडला म्हणजे संपत नाही. काकांचे पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी स्कॅन होते. छातीतील खोटी नळी पहिल्या वर्षीच मिटली. पोटातील अजून उघडी आहे, कारण तेथे आणखी दोन लहान चिरा आहेत आणि तेथपर्यंत कापड जात नाही. तेथील व्यास तीन वर्षांत दोन मिलिमीटरने वाढला. ५५ मिलिमीटरच्या आसपास गेला तर पुन्हा काही करावे लागेल. दिवसातून दोनदा तीन प्रकारच्या गोळ्या. केळीचा घड खांद्यावर घ्यायला मनाई आहे, आणि ही मनाई त्यांना गोळ्यांपेक्षा जास्त जाचते. बागेत मजुरांच्या मागे हिंडतात, आवाज पूर्वीइतकाच मोठा आहे. संख्याशास्त्राच्या तक्त्यात ते "जिवंत" या रकान्यात मोडतात, पण त्या रकान्यात किती परीची माणसे असतात हे तक्ता सांगत नाही.

आणि तक्त्यात न आलेल्यांचे काय? वर दिलेले सर्व आकडे रुग्णालयात पोहोचलेल्यांचे आहेत. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड परिसरात घरोघरच्या मृत्यूंसह मोजदाद झाली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. दर लाख लोकवस्तीत वर्षाला सहा जणांना हा विकार झाला होता, आणि "अ" प्रकारातील जवळजवळ निम्मे रुग्णालय गाठण्यापूर्वीच गेले होते. बुऱ्हाणपूर जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत साडेसात लाखांवर होती. इंग्रजी प्रमाण जसेच्या तसे लावले तर वर्षाला चाळीस-पंचेचाळीस रुग्ण व्हावेत. आपल्याकडे वृद्ध कमी, म्हणून आकडा कमी धरा. पण रक्तदाब न मोजलेली, न आवरलेली माणसे अधिक, म्हणून थोडा पुन्हा वाढवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधांवर असलेला आढळला. आमच्या भागात दरसाल काही डझन माणसांची महारोहिणी फाटत असेल, तर ती जातात कोठे? "बसल्या बसल्या गेले", "छातीत कळ आली आणि खेळ आटोपला", या वाक्यांत ती जातात. शवविच्छेदन होत नाही, मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. खेड्यातील मृत्युदर रुग्णालयातील दहा-अकरा टक्क्यांशी ताडून पाहायचा झाला, तर ही सारी माणसे छेदात धरावी लागतील. माझ्या मते या चिकित्सेच्या यशाचा सर्वांत मोठा वाटा तारेचा नाही आणि कापडाचाही नाही, जांघेतील नाडी चाचपणाऱ्या बोटांचा आहे. कारण नळी सर्वत्र सारखीच असते.

महारोहिणीच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे नाही असेही नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांनी आणि डॉ. किनरे, डॉ. परुळकर आदी सहकाऱ्यांनी महारोहिणीच्या एका दाहजन्य विकारावर, १०१ रुग्णांच्या आधारे, १९७३ मध्ये ग्रंथ लिहिला होता, हे कमी जणांना ठाऊक असते. तो विकार वेगळा, तरुण स्त्रियांत अधिक दिसणारा. पण आपल्याच रुग्णांची आपणच मोजदाद करण्याची ती पद्धत विदलनाच्या बाबतीतही जिल्ह्याजिल्ह्यांत चालली पाहिजे, असे मला वाटते.

राहता राहिला एक वादाचा मुद्दा. ज्यांचे विदलन औषधांनी स्थिर झाले आहे, त्यांनाही भविष्याची तरतूद म्हणून नळी बसवावी काय? नीनाबर यांनी १४० स्थिर रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. दोन वर्षांनी पाहिले तर केवळ औषधांवरचे ९५.६ टक्के आणि नळीवाले ८८.९ टक्के जिवंत होते, म्हणजे नळीचा लाभ काहीच नाही. त्याच रुग्णांकडे पाच वर्षांनी पाहिले तेव्हा महारोहिणीमुळे झालेले मृत्यू नळीवाल्यांत ६.९ टक्के आणि औषधवाल्यांत १९.३ टक्के निघाले. दोन वर्षांवर थांबणाऱ्याने एक निष्कर्ष काढला असता, पाच वर्षे थांबणाऱ्याने दुसरा. पण ती विभागणी विदलन होऊन काही आठवडे उलटल्यानंतरची होती, तोवर दुबळे रुग्ण गळून पडले होते. पहिल्या काही आठवड्यांतील स्थिर रुग्णांसाठी स्कँडिनेव्हियात आणि अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत, आणि त्यांतही रुग्णांचा पाठपुरावा काही वर्षे करायचा आहे.